कोरड्या तळाची अट

विलास टाकळकरांचं बालपण अंबडजवळच्या ज्या गावात गेलं, तिथे पाणी हा पाहुणा होता. टँकरमधून यायचा, घटकाभर थांबायचा आणि जाताना शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणं लावून जायचा. पुढे टाकळकरांना विमा कंपनीत नोकरी लागली. बदल्या होत होत ते पुण्याला आले, बावधनला फ्लॅट घेतला, लोकांच्या दाव्यांत खोट कुठे आहे ते हुडकण्यात हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर शिडाची बोट विकत घेतली. सोसायटीत कुणी कारण विचारलं नाही. ज्याच्या लहानपणी पाणी नव्हतं त्याने म्हातारपणी बोट घ्यावी, यात वावगं काही नाही. निदान तो ऊस तरी लावत नाही.

बोट जुनी होती. पांढरी, फायबरची, एक डोलकाठी, एक शीड, आणि नमस्कार घातल्यासारखं वाकून शिरावं लागेल अशी एक केबिन. ती मुळशी धरणाच्या पाण्यावर, हैबतराव वाळंजांच्या जमिनीला बांधलेली असे. हैबतरावांची जमीन पार पाण्यापर्यंत गेली होती. त्यातली थोडी त्यांनी विकली, थोडी भाड्याने दिली, आणि उरलेल्या तुकड्यावर पिठलं-भाकरीचं हॉटेल काढलं. बोटीवर त्यांचा पहिल्या दिवसापासून डोळा होता. पाण्यात नव्हे, हॉटेलसमोरच्या हिरवळीवर.

"साहेब, हितं उबी केली तर लोकं फोटो काढत्याल," ते म्हणत. "पाण्यात काय, समदंच तरंगतंय."

टाकळकर ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्यांनी बोटीच्या नाकाडावर निळ्या रंगाने बायकोचं नाव लिहिलं होतं. नलिनी.

यामागे एक डाव होता. संसार चालू असताना टाकळकरांनी दुर्बीण आणली, गच्चीत मधमाश्या पाळल्या, बासरीचा क्लास लावला. दर वेळी नलिनीबाईंनी दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून सगळं पाहिलं, "बरं आहे," म्हटलं आणि त्या आत निघून गेल्या. टाकळकरांच्या लक्षात आलं, की आपल्या प्रत्येक हौसेला एक चौकट असते आणि बायको कायम तिच्या पलीकडे उभी असते. बोटीला चौकट नाही. माणूस बोटीत असतो, नाहीतर नसतो. तिने एकदा येऊन समोर बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. स्वतःच्या नावाच्या बोटीला बाई नाही कशी म्हणेल, असा त्यांचा होरा होता.

नलिनीबाई नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी माठ पाठवला.

त्या परतूरच्या. तिकडच्या माणसाला पाणी बरोबर घेतल्याशिवाय उंबरा ओलांडवत नाही, मग जायचं ठिकाण धरण का असेना. "तिथलं पाणी पिऊ नका, पोट बिघडेल," त्यांनी बजावलं. टाकळकरांनाही ते पटलं, कारण तेही त्याच मातीतले. त्यांनी माठ केबिनमधल्या डाव्या बाकाखालच्या कप्प्यात, चुंबळीवर, लवंडणार नाही असा बसवला आणि त्याला ओलं फडकं गुंडाळलं.

दिवाळी झाली आणि बोटीत पाणी येऊ लागलं.

केबिनच्या फळ्या उचलल्या की खाली बोटीचा पोकळ तळ लागतो. जाणकार त्याला बिल्ज म्हणतात, हैबतराव पोट म्हणत. त्या पोटात रोज सकाळी मगभर पाणी साचलेलं असे. मगभर पाण्याने बोट बुडत नाही, पण मालकाची झोप बुडते. टाकळकर दिवसाआड बावधनहून निघत, पौडमार्गे मुळशीला पोचत, स्पंजने पाणी टिपत, आणि मधल्या दिवसाची खबर हैबतराव फोनवरून देत.

असाच एक फोन नलिनीबाईंनी उचलला.

"हॅलो साहेब, नलिनी आज बी भरलीया. बुडाला चांगलं मगभर पानी हाय. मी म्हंतो, आता किती दिस उपसायचं? म्हातारी झाली ती. काडा भायेर."

"हैबतराव, मी नलिनीच बोलतेय."

पलीकडे बराच वेळ फक्त कोंबड्यांचा आवाज आला. मग हैबतराव म्हणाले, "मंग वहिनी, तब्येत बरी हाय न्हवं?"

त्या दिवशी जेवताना नलिनीबाईंनी भात कालवता कालवता निकाल दिला.

"पुढच्या रविवारी मी मुळशीला येते."

टाकळकरांच्या हातातला घास थांबला.

"तळ कोरडा असेल तर बोटीत बसेन. ओला असेल तर माझं नाव पुसायचं आणि बोट हैबतरावांना देऊन टाकायची. माझ्या नावाने रोज पाणी उपसलं जातं, गावभर त्याची खबर जाते, हे मला चालणार नाही."

"अगं, गावभर कुठे?"

"साळूबाईंनी मला पापड विचारायला फोन केला होता. त्यांनी आधी विचारलं, आज किती निघालं म्हणून."

साळूबाई म्हणजे हैबतरावांच्या मंडळी. त्यांच्यापर्यंत गेलं म्हणजे पार चांद्यापर्यंत गेलं, हे टाकळकरांना मान्य करावं लागलं.

आता ते हट्टाला पेटले. जन्मभर त्यांनी जळालेल्या दुकानांत राख उकरून आग कुठे लागली ते सांगितलं होतं. एक मग पाणी कुठून येतं, ते सांगता येऊ नये?

त्यांनी बोटींच्या देखभालीचं एक पुस्तक आणलं. त्यात पहिला उपाय असा दिला होता की तळातलं पाणी चाखावं. खारट लागलं तर ते बाहेरून समुद्रातून आलं, गोड लागलं तर आतल्या टाकीतून नाहीतर पावसाचं. टाकळकरांनी हाताचं बोट बुडवून चाखलं. गोड होतं. त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आजूबाजूचं अख्खं धरणच गोड आहे. खात्रीसाठी त्यांनी कडेने वाकून तेही चाखलं. काठावर भांडी घासणाऱ्या साळूबाई हे पाहत होत्या.  घरात जाऊन त्यांनी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला.

दुसरा उपाय रांगोळीचा. तळ पुसून ठणठणीत कोरडा करायचा आणि त्यावर बारीक भुकटी पसरायची. पाणी जिथून येईल तिथून भुकटीत ओघळ उमटतो. पुस्तकात खडूची पूड सांगितली होती, टाकळकरांनी देवघरातली रांगोळी आणली. दुसऱ्या दिवशी पाहतात तर भुकटीभर नक्षी उमटलेली. चार बोटांची, मधून मधून उडी मारलेली.

"बेडूक हाय साहेब," हैबतराव फळ्यांवरून डोकावत म्हणाले. "त्यानंच आनलं आसंल पानी."

"मगभर?"

"एक न्हवं वो. खेपा करत आसंल."

टाकळकरांनी या शक्यतेवर जरा जास्तच वेळ विचार केला, यावरून त्यांची मनःस्थिती कळावी.

मग त्यांनी तळातून बाहेर जाणाऱ्या एकेका नळीभोवती वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून पाहिला. कागद कोरडे, तळ ओला. सुकाणू जिथे बसतं तिथली फट बघितली. कोरडी. बाकावर बसून ते विचार करत. विचार करून घसा कोरडा पडला की खालून माठातलं गार पाणी काढून पीत. तेवढंच एक बोटीत मनासारखं चाललं होतं.

शेवटी पुस्तक बंद करून त्यांनी अंबडची अक्कल चालवली. शेतात पाणी कुठून फुटतंय ते कळत नसेल तर काय करतात? वाफे करतात. म्हणजे कुठल्या वाफ्यात आधी पाणी भरतं ते दिसतं. त्यांनी घरून कणीक मळून नेली, तेलाचा हात लावून, आणि तळात आडवे-उभे बांध घालून त्याचे सरळ वाफे पाडले.

"पिठाचा डबा निम्मा झालाय," नलिनीबाई म्हणाल्या.

"बोटीला लागलं."

"बरं आहे," नलिनीबाई म्हणाल्या आणि ज्वारीचं दळण काढायला गेल्या.

हैबतरावांना मात्र ही तऱ्हा मनापासून आवडली. आजवर साहेबांनी केलेलं पहिलं समजण्यासारखं काम.

"ह्यो बांध जरा तिकडं सरकलाय साहेब. बांधावरनं आमच्या हितं डोकी फुटल्यात."

"इथे दोन्ही बाजूंनी मीच आहे, हैबतराव."

"तरी बी. मोजून घ्या."

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, टाकळकरांनी फळ्या उचलल्या. सगळे वाफे कोरडे होते. ओला होता तो एकच, डाव्या बाकाच्या खालचा. टाकळकर तिथे पालथे पडले, नाक बोटीच्या भिंतीला लावलं आणि टॉर्च मारला. भिंत कोरडी. फट नाही, भोक नाही. पाणी बाहेरून आलंच नव्हतं. ते वरून येत होतं, बाकाखालच्या कप्प्याच्या लाकडातून, मन लावून, एकेक थेंब.

त्यांनी कप्पा उघडला.

माठ बसला होता. ओल्या फडक्यात, चुंबळीवर, शांतपणे पाझरत. माठाने पाझरावं म्हणूनच तो मातीचा असतो, पाझरतो म्हणूनच पाणी गार होतं, हे अंबडचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आणि टाकळकर दर खेपेला बावधनहून फिल्टरच्या पाण्याचा कॅन आणून तो काठोकाठ भरत होते. एका हाताने माठ भरायचा, दुसऱ्या हाताने तळ उपसायचा, आणि मधल्या वेळात गळतीचा तपास करायचा. असा दावा त्यांच्या कंपनीत कुणी केला असता तर त्यांनी त्यावर लाल शेरा मारून तो चार साहेबांना वाचून दाखवला असता.

 सवयीने ते माठातलं पाणी काढून प्यायले. गार होतं.

आता अडचण निराळीच होती. सांगायचं, तर सांगायचं कसं? ‘नलिनी, बोट गळत नाही. तू पाठवलेला माठ गळतो.’ वाक्य खरं होतं, पण संसारात खरी वाक्यं सुटी ठेवायची नसतात. शिवाय बाकाखाली माठ बसवणारे ते स्वतः. न सांगावं, तर चोरी. टाकळकरांनी जन्मभर इतरांकडून खुलासे घेतले होते, स्वतः द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी सर्वांत जुना मार्ग पत्करला. माठ उचलला, हैबतरावांच्या पडवीत नेऊन ठेवला, आणि ‘जरा सावली बरी,’ एवढंच म्हणाले.

शनिवारी तळ कोरडा. रविवारी तळ कोरडा.

नलिनीबाई आल्या त्या पंजाबी ड्रेस घालून, पायांत कॅनव्हासचे बूट आणि काखेत जुन्या पेपरांची चळत. काठावर हैबतराव उभे. त्यांच्या एका हातात टर्पेंटाइनची बाटली होती, दुसऱ्यात चिंधी. पाठीमागे हिरवळीवर बोट ठेवण्यासाठी विटांचा चौथरा बांधून तयार होता, त्यावर अजून पाणी मारणं चाललं होतं.

"हैबतराव, तुम्ही चौथरा पण बांधलात?" टाकळकर म्हणाले.

"न्हाई लागला तर तुळस ठिवू," हैबतराव म्हणाले. "आमचं काय, तयारी पायजे."

नलिनीबाईंनी काठावरूनच फळ्या उचलायला लावल्या आणि पेपरची एकेक घडी नवऱ्याच्या हाती देऊन ती तळात तळहाताने दाबायला लावली. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. घड्या परत घेतल्या, उन्हात धरून पाहिल्या, गालाला लावून पाहिल्या. टाकळकरांना पोलिओचा डोस द्यायला आलेल्या नर्सची आठवण झाली. ते पोरासारखे उभे होते.

"कोरडा आहे," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात किंचित निराशा होती, पण ती निराशा न्याय्य होती. आपल्याला बोटीत पाय ठेवावा लागणार नाही, याची त्यांना बरीच खात्री असावी.

मग त्यांनी केशरी लाइफ जॅकेट चढवलं, टाकळकरांचा हात धरला आणि बोटीत पाऊल टाकलं. बोट हलली. त्या पटकन डाव्या बाजूला बसल्या आणि दोन्ही हातांनी कड धरून ठेवली. टाकळकरांनी दोर सोडला, शीड चढवलं. वारा बेताचाच होता, पण काठ मागे सरकू लागला. हैबतराव, टर्पेंटाइन, चौथरा, सगळं हळूहळू लहान होत गेलं.

नलिनीबाई समोरच्या डोंगराकडे बघत होत्या. मग पाण्याकडे. मग एक हात त्यांनी कडेवरून सोडवून मांडीवर घेतला.

"माठ कुठाय?" त्यांनी विचारलं.

"हैबतरावांच्या पडवीत. सावलीला."

"आधी कुठे होता?"

"होता इथेच."

"इथेच म्हणजे?"

टाकळकरांनी सुकाणू उगाचच जरा फिरवलं. "बाकाखाली. कप्प्यात."

नलिनीबाईंनी मान वळवून बाकाखाली पाहिलं, मग फळ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. एका माणसाला आठवडाभर लागलेलं हे सगळं काम त्यांनी पाण्याचा एक हबका बोटीवर आपटायच्या आत उरकलं.

"म्हणजे गळत होते ती मीच."

"मी असं म्हटलं नाही."

"म्हणायची गरज काय? नाकावर लिहिलंय की." त्यांचा चेहरा अगदी सरळ होता. "आणि तुम्ही तो भरत होतात."

"रोज नाही. गेलो की."

"काठोकाठ?"

"तू म्हणाली होतीस, पाणी कमी पडू देऊ नका."

नलिनीबाईंनी ओढणीचं टोक तोंडाला लावलं. आधी खांदे हलले, मग जॅकेट हललं, मग बोटही थोडी हलायला लागली. असं हसताना टाकळकरांनी त्यांना मधमाश्या सोसायटीच्या सेक्रेटरीमागे लागल्या तेव्हा पाहिलं होतं, पण तेव्हा त्या चौकटीत होत्या. आता हातभर अंतरावर होत्या. टाकळकरांना राहवलं नाही. एक हात सुकाणूवर ठेवून ते सरकले आणि डाव्या बाजूला, बायकोच्या शेजारी जाऊन बसले. नलिनीबाई सरकल्या नाहीत. बोट डावीकडे कलली आणि तशीच, जरा तिरपी, ऐटीत चालू लागली.

हे सुख किती वेळ टिकलं ते टाकळकरांनी मोजलं नाही. नलिनीबाईंनी सवयीने, गॅस बंद आहे का हे बघावं तशी, फळी उचलली.

"अहो."

"काय?"

"पाणी आहे."

टाकळकर वाकले. होतं. मगभर नव्हे, दोन मग. आणि ते वाढत होतं. कोपऱ्यातल्या हातपंपाच्या नळीतून ते आत येत होतं. त्या पंपाने आतलं पाणी बाहेर टाकायचं. नळीचं तोंड डाव्या बाजूला, पाण्याच्या वर चार बोटं उघडं असे. टाकळकर एकटे असत तेव्हा ते कायम वरच असायचं. आता एकाच बाजूला दोन माणसं बसली, ती बाजू दबली, तोंड पाण्याखाली गेलं आणि नळी उलटी वाहायला लागली. शास्त्र साधं होतं. फक्त ते मोठ्याने सांगायची सोय नव्हती. ‘तुझ्या वजनाने’ म्हणावं, तर परतीचा प्रवास पोहून करावा लागला असता. ‘मी शेजारी आलो म्हणून’ म्हणावं, तर या वयात ते कसं दिसतं?

"वारा," टाकळकर म्हणाले.

"वारा नळीतून येत नाही," नलिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही आधी कुठे बसला होतात?"

"तिकडे."

"जा तिकडे."

टाकळकर जड अंतःकरणाने उजवीकडे गेले. बोट सरळ झाली. इतक्या वर्षांनी मिळालेली जागा पाव तासात गेली, अट मोडली, नाव जाणार, आणि परवापर्यंत आपली बोट विटांवर चढून भाकरी खाणाऱ्यांच्या फोटोत उभी राहणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. शीड सैल सोडून त्यांनी काठाकडे तोंड वळवायला सुकाणू हातात घेतलं.

"थांबा. कुठे निघालात?" आवाज खालून आला. नलिनीबाई गुडघ्यांवर बसून, ओढणी कमरेला खोचून, डोकं फळ्यांखाली घालून होत्या. "बंद झालं. आता या इकडे."

"अं?"

"या म्हणते ना. माझ्या शेजारी."

टाकळकर सरकले.

"आलं. जा तिकडे."

गेले.

"थांबलं. आता अर्ध्यावर या. अर्ध्यावर म्हटलं, अर्ध्यावर. जरा पुढे. टॉर्च द्या."

टाकळकरांनी टॉर्च दिला. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. काठावरून हैबतरावांना एक शिडाची बोट जागच्या जागी उभी दिसत होती, बाई दिसत नव्हत्या आणि साहेब घटकेत या बाजूला, घटकेत त्या बाजूला सरकत होते.

"साहेब, बुडताय का?"

"नाही, हैबतराव."

"मंग पानी निगालं का? पुसू का नाव?"

टाकळकरांनी खाली पाहिलं. केशरी जॅकेटची पाठ, त्यावर पाण्याचे शिंतोडे, आणि एक हात बाहेर आला होता, फोनसाठी. त्यांनी तो त्या हातात दिला.

"हैबतराव, मी नलिनी," हाताच्या मालकिणीचा आवाज तळातून घुमत आला. "नंतर फोन करा. आत्ता आमचं काम चाललंय."

फोन वर आला. टाकळकरांनी तो खिशात ठेवला. हुकूम यायच्या आधीच ते डावीकडे सरकले, आणि खालून नलिनीबाई म्हणाल्या, "हं, आलं. आता हलू नका, मला नीट बघू द्या."